ता. क. उजव्या कानात शिट्टी वाजते

ताई,

मी मूळचा इचलकरंजीचा, वय २९. पुण्यात साउंडचा डिप्लोमा करून २०१८ मध्ये मुंबईला आलो. गोरेगावात भाड्याच्या घरात १० बाय १० च्या खोलीत सेटअप टाकलाय. मराठी गाणी, कोळीगीतं, गणपतीची गाणी, अधूनमधून वेबसिरीजचं बॅकग्राउंड. कॉम्प्युटरवर वाद्यांचं प्रोग्रामिंग, गायकाचं डबिंग, मिक्स, मास्टर सगळं एकटाच करतो, बहुतेक रात्रीच. गेल्या गणपतीत एक गाणं केलं. संगीतकाराने मोबाइलवर मुखडा गुणगुणून पाठवला होता. अंतऱ्याची चाल मी बसवली, म्युझिक पीस माझे, ढोल-ताशा मी रेकॉर्ड करून आणला. २३ करेक्शन झाली. पैसे निम्मे आले. गाणं मंडपामंडपात वाजलं. यूट्यूबवर मेकअपवाल्याचं नाव आहे, माझं नाही. बाबा ३० वर्षं यंत्रमागावर होते. ते फोनवर विचारतात, तू नक्की काय काम करतोस? मला सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी त्यांना दोनदा सांगावं लागतं. सगळं सोडून गावी साउंड सिस्टीम भाड्याने द्यायचा धंदा टाकावा का?

– गोरेगावचा एक साउंडवाला

ता. क. हल्ली रात्री आडवा झालो की उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते. थकव्याने असेल.

* * *

अरे साउंडवाल्या,

अख्खं पत्र कामावर आणि पैशांवर, आणि दीड ओळ कानावर. मी उत्तर त्या दीड ओळीपासून देणार आहे. निम्मे पैसे उद्या मिळतील, परवा मिळतील, कदाचित बुडतील. कानाचं तसं नाही. आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि आपल्या धंद्यात दुसरं भांडवल नाही. स्पीकर हप्त्यावर घेता येतात.

थकव्याने असेलही. पण शिट्टी एकाच कानात वाजतेय आणि वारंवार वाजतेय, म्हणून याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. बांद्र्याला रेक्लमेशनवर अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून हेच काम करते. गोरेगावहून लोकलने जाण्यासारखी आहे. आणि एखाद्या सकाळी उठलास आणि एका कानाला अचानक कमी ऐकू आलं, तर आठवडा बघायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे उशीर महागात पडतो.

ऑडिओग्रामचा आलेख हातात आला की ४००० हर्ट्झच्या आसपास बघ. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाला पहिला खड्डा बहुधा तिथे पडतो. आता मिक्सिंगवाला म्हणून विचार कर. गाण्यातले शब्द स्पष्ट कळतात ते त्याच टापूमुळे. तिथे तुला कमी ऐकू येत असेल तर तू तोच भाग वाढवत बसणार, आणि गायिका फोन करून म्हणणार, 'दादा, माझा आवाज टोचतोय.' तुझ्या २३ करेक्शनपैकी अशी किती होती, आठवून बघ. मी आरोप करत नाहीये. माझी होती, म्हणून विचारतेय.

किती आवाजात किती वेळ बसावं याचा अमेरिकेच्या निऑश या संस्थेचा हिशोब पाठ करून ठेव: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एक. १०० ला १५ मिनिटं. फोनवरचं मीटर ढोबळ असतं, पण तुझा अंदाज त्याहून ढोबळ आहे. आज रात्री खुर्चीत कानाजवळ फोन धरून मोजून बघ.

मी या धंद्यात आले तेव्हा स्टुडिओत पांढऱ्या कोनचे यामाहा एनएस-१० असायचे. १९७८ मध्ये ते घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आले होते. ऐकायला अजिबात गोड नाहीत, म्हणूनच मिक्सिंगवाल्यांनी ते डोक्यावर घेतले. २००१ मध्ये बंद झाले तेव्हा लोक हळहळले. तर अशाच एका जोडीवर मी पार्टीला, म्हणजे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला, खूश करायला रात्रभर फुल आवाजात मिक्स केलं. पार्टी नाचत घरी गेली. सकाळी हळू आवाजात लावलं तर ढोलकीत दम नाही, बेस गायब, नुसता गायकाचा आवाज आणि टाळ्या. आमच्या सिनियर रेकॉर्डिस्टनी एक शब्द न बोलता फर्स्ट एडच्या पेटीतली चिकटपट्टी काढली, व्हॉल्यूमच्या नॉबवर एका खुणेवर लावली आणि म्हणाले, 'हिच्यापुढे न्यायचा असेल तर मला विचार.' सहा महिने ती पट्टी होती. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

त्यांनी जे सांगितलं नाही ते मी नंतर वाचलं. कान मोठ्या आवाजात खालचे आणि वरचे सूर भरपूर दाखवतो, हळू आवाजात तेच सूर पडतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलं होतं. म्हणून मोठ्या आवाजात सगळंच भारी वाटतं. खरी परीक्षा हळू आवाजात, शेजारी कुणीतरी बोलत असताना. तिथे गायकाचा शब्द आणि ठेका दोन्ही कळले, तर मिक्स बसलं.

आता तू आवाज वाढवतोस का, ते बघू. तुझं उत्तर तुझ्याच पत्रात आहे: १० बाय १०. लांबी-रुंदी सारखी, म्हणजे भिंतींमध्ये घुमणारा सूर दोन्ही बाजूंनी एकच. दहा फुटांना तो ५६ हर्ट्झच्या आसपास येतो, ढोलाचा 'धूम' जिथे राहतो त्याच्या अगदी शेजारी. गंमत अशी की भिंतीला लागून तो सूर दुप्पट ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब असतो. तुझी खुर्ची कुठे आहे? पैज लावते, मधोमध. म्हणजे ढोल आहे पण तुला ऐकू येत नाही. म्हणून तू ढोल वाढवतोस, मग एकूण आवाज वाढवतोस, मग डोकं दुखतं. पार्टी गाडीत ऐकते आणि ढोलाने काचा थरथरतात. करेक्शन नंबर पाच.

खुर्ची पुढच्या भिंतीपासून एक तृतीयांशापेक्षा जरा जास्त अंतरावर घे, चार फुटांच्या थोडं आत. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलच्या जाड गाद्या कापडात शिवून उभ्या कर. अंड्यांचे ट्रे लावले असशील तर काढून टाक. त्यांनी बेसला काही होत नाही, झुरळं तेवढी होतात. आणि रात्री अकरानंतर फक्त एडिटिंग, सुरांची साफसफाई, फाइलींची नावं. आवाजाचे निर्णय सकाळी.

खोली सुधारेल. पण तू आवाज वाढवतोस त्याचं दुसरं कारण खोलीत नाही, स्वभावात आहे. जे तोंडाने सांगायचं टाळतोस ते तू फेडरने, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने, सांगतोस. पार्टीने म्हटलं असेल 'अजून लाऊड', तू लाऊड केलं असशील. 'नाही, याने नुकसान होईल' म्हणाला नसशील. पैशांचंही तेच, नावाचंही तेच.

लाऊडचं उत्तर सोपं आहे, पाठ कर: 'दादा, यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठी गाणी स्वतःच खाली आणतात, उणे १४ एलयूएफएसच्या आसपास, म्हणजे गाणं किती मोठं वाटतं त्याच्या मापावर. आपण दाबून चिरडून पाठवलं तरी तिथे ते बाकीच्यांइतकंच वाजणार, फक्त चिरडलेलं वाजणार.' हे ऐकवायचं, दाखवायचंही. दोन्ही मिक्स सारख्या आवाजावर आणून लावून दाखव. माणसाला मोठं ते चांगलं वाटतं. आवाज समान केला की दहापैकी आठ जण मोकळं मिक्स निवडतात, हा माझा अनुभव. मंडपातल्या डीजेला हा नियम लागू नाही हे खरं. तिथे वाटल्यास वेगळा मास्टर, म्हणजे वेगळी शेवटची फाइल, दे, वेगळ्या पैशांत.

आणि फाइल व्हॉट्सअॅपवर साधी पाठवू नकोस, दाबली जाऊ शकते. डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा लिंक दे. समोरचा ती फोनच्या स्पीकरवर ऐकणार हे धरूनच चाल. तो स्पीकर २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही देत नाही. ढोलाच्या थापेचा 'टप्प' आणि जरासं डिस्टॉर्शन घालून वरचे सूर आणले नाहीत, तर तो म्हणणारच, 'ढोल कुठाय?' आणि ताशा! ताशा म्हणजे गणपतीच्या गाण्यातला आगाऊ पाहुणा, नेमका गायकाच्या शब्दांच्या जागेवर येऊन बसतो. त्याला फेडरने खाली आणलं की गाण्यातली मिरवणूक जाते. मी काय करते सांगते: ताशा डावी-उजवीकडे पसरवते, आणि गायक बोलत असेल तेवढ्याच वेळी ३००० हर्ट्झच्या आसपास ताशाला दोन डेसिबल वाकवते. शब्द संपला की ताशा पुन्हा ताठ. पीसमध्ये तर त्याला पूर्ण रान मोकळं. पण हे सगळं मुळात अरेंजिंगमध्ये सुटायला हवं. गायकाच्या ओळीवर ताशाने सलग तर्री वाजवायची गरजच काय? तिथे वाजवणाऱ्याला हात आवरायला सांगितलं असतंस तर पुढच्या चार रात्री वाचल्या असत्या. प्रोग्रामिंग आणि मिक्स एकाच माणसाने करण्याचा हा तोटा. अरेंजर म्हणून केलेला लाड मिक्सवाला म्हणून फेडत बसावं लागतं.

२३ करेक्शनपैकी निदान १५ करेक्शन एकमेकांच्या विरुद्ध असतील. गायक म्हणतो आवाज पुढे, संगीतकार म्हणतो मागे, गीतकार म्हणतो दुसऱ्या ओळीतला 'च' ऐकू येत नाही, आणि ज्याचा पैसा आहे त्याचा मेहुणा म्हणतो काहीतरी मिसिंग आहे. चौघांचे चार फोन, आणि तू मध्ये. यापुढे करेक्शन एकच माणूस पाठवेल, लिहून, मिनिट-सेकंदासकट, सगळी एकदम. दोन फेऱ्या ठरल्या पैशांत, तिसरीपासून वेगळे. मिक्सला बसण्याआधी प्रोग्रामिंग लॉक. त्यानंतर बासरी हवी असेल तर ते करेक्शन नव्हे, नवीन काम.

आता पैसे. तुझे बाबा इचलकरंजीत मागावर होते. त्यांच्या कापडावर त्यांचं नाव कधी आलं नाही, पण मीटर मोजला जायचा आणि मजुरी त्यावर ठरायची. तुझं नावही नाही आणि मीटरही नाही. तू 'गाण्याचे' पैसे सांगतोस. गाणं म्हणजे काय काय? प्रोग्रामिंग, डबिंगचे तास, ढोल-ताशावाल्यांचं मानधन, मिक्स, मास्टर, प्रत्येकाची रक्कम वेगळी लिही. एका पानाचा कागद पुरे, पण सही हवी. निम्मे आधी. ऐकायला पाठवायच्या फाइलवर मधूनमधून तुझ्या आवाजाचा टॅग. बाकी आल्याशिवाय पूर्ण दर्जाची फाइल नाही. यात उद्धटपणा काही नाही. शिंपीसुद्धा पैसे घेऊनच ब्लाउज देतो.

उद्यम नोंदणी आजच कर, ऑनलाइन आहे, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. जुन्या बाकीला याचा आधार मिळेलच असं धरू नकोस, पण पुढच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छाप. नुसत्या क्रमांकाने अकाउंटवाल्याचा सूर बदलतो.

जुन्या बाकीसाठी तुझ्या हातात अजून एक गोष्ट आहे. गाणं चाललंय म्हणजे गायकाला स्टेजवर मायनस ट्रॅक, म्हणजे त्याच्या आवाजाशिवायचं गाणं, लागणार. सेशन, म्हणजे गाण्याची मूळ फाइल, कुणाकडे आहे? तुझ्याकडे. तो फोन येईल तेव्हा गोड बोलून म्हणायचं, 'देतो ना, जुना हिशोब मिटला की लगेच.' मी तुझ्या वयाची असताना एका कंपनीने माझे सात महिने अडकवले होते. मी दर शुक्रवारी डबा घेऊन त्यांच्या रिसेप्शनला बसायचे, साडेबाराला डबा उघडायचे, बोंबलाचं कालवण असायचं. सहाव्या शुक्रवारी चेक मिळाला. कालवणाचा वाटा किती, ते ठाऊक नाही.

नावाचं प्रकरण मात्र तू समजतोस त्याहून गुंतागुंतीचं आहे. तुझं काम करणारे बरेच जण स्वतःला म्युझिक प्रोड्यूसर म्हणतात. कॉपीराइट कायद्यात प्रोड्यूसर म्हणजे ध्वनिमुद्रण घडवून आणण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, म्हणजे बहुधा पैसे लावणारी कंपनी किंवा माणूस. तू नव्हेस. प्रोग्रामिंग आणि मिक्सिंग करणाऱ्याला कायद्याने आपोआप रॉयल्टी मिळत नाही. हवी असेल तर करारात लिहून घ्यावी लागते. संगीतकार म्हणजे चाल करणारा, त्याला नोटेशन येवो न येवो. तेव्हा त्याने 'नुसतं गुणगुणून पाठवलं' हा तुझा टोमणा मला पटला नाही. मुखडा त्याचाच.

पण अंतऱ्याची चाल तुझी असेल, तर गोष्ट बदलते. मग तू सहसंगीतकार आहेस, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारातही सोडून देता येत नाही. रेडिओवर, ऑनलाइन वाजण्याचे पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था २०१७ पासून पुन्हा रीतसर नोंदणीकृत आहे. तिचा सभासद हो. त्याचा मुखड्याचा व्हॉइस मेसेज आणि तुझ्या अंतऱ्याची पहिली तारीखवार फाइल, दोन्ही दोन ठिकाणी जपून ठेव. मग त्याला फोन कर. मेसेज नको, फोन. 'अंतरा मी केलाय हे आपल्या दोघांना माहीत आहे. नोंदणी करताना वाटा कसा लिहायचा?' एवढंच. तो चिडला तर वकील, पण आधी फोन. कितीतरी वेळा समोरच्याला खरंच सुचलेलं नसतं. आणि पुढे हक्क देण्याच्या कागदावर सही करताना किती वर्षं आणि कुठल्या प्रदेशासाठी ते वाच. लिहिलेलं नसेल तर कायदा ५ वर्षं आणि भारतापुरतं धरतो. म्हणूनच कंपन्या 'कायमचं, संपूर्ण विश्वात' असं लिहून आणतात. विश्वात! मंगळावर गणपती बसला तरी सोय.

यूट्यूबच्या वर्णनात नाव घालायला एक मिनिट लागतं. तेही त्याच फोनमध्ये माग. आपल्या लोकांनी हे मागायला फार उशीर केला. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातले वाद्यवृंद उभे केले ते सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या अरेंजरनी. पुढे आपले अनिल मोहिले. पडद्यावर नाव आलंच तर सहाय्यक म्हणून यायचं. दुसरीकडे परळच्या राजकमल स्टुडिओमध्ये मिक्सिंगला बसणाऱ्या मंगेश देसाईंकडे सत्यजित राय कलकत्त्याहून आपले सिनेमे घेऊन यायचे. बाहेर किती जणांना ते नाव माहीत होतं? धंद्यात मात्र प्रत्येकाला. तुला तेवढं तरी हवं, आणि ते यूट्यूबच्या वर्णनातून मिळत नाही. वेळेवर दिलेल्या, सकाळी ऐकल्यावरही बरोबर वाटणाऱ्या मिक्समधून मिळतं.

साउंड सिस्टीमच्या धंद्याचं थोडक्यात: नको. निदान या कारणासाठी नको. शिट्टी वाजणारा कान घेऊन तू डीजेच्या भिंतीसमोर उभा राहणार? शिवाय त्यात पोलीस, परवानगी, रात्री दहाचा नियम, मंडळाची उधारी. करेक्शन नाहीत हे खरं. तपासणीनंतर कान ठीक निघाला आणि तरीही गावी जावंसं वाटलं, तर पुन्हा लिही, तेव्हा वेगळं बोलू.

राहता राहिले बाबा. 'दोनदा सांगावं लागतं' असं तू लिहिलंस आणि पुढे गेलास. त्यांना तुझं काम कळत नाही म्हणून दोनदा, की नीट ऐकूच येत नाही म्हणून? मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं. ३० वर्षं धोट्यांच्या त्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाचा ४००० हर्ट्झचा खड्डा तुझ्याहून खोल असणार. फोनवर तर शब्दांच्या कडा आधीच घासलेल्या असतात. त्यात 'मिक्सिंग', 'मास्टरिंग' असले शब्द त्यांना नुसती गुणगुण वाटत असतील.

पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा त्यांचीही ऑडिओमेट्री करून घे, तुझा आलेख सोबत ने. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवलेस की तू काय करतोस ते त्यांना दाखवणं सोपं जाईल. मागाचा आवाज त्यांना माहीत आहे, तिथून सुरुवात कर. त्या खडखडाटातून एका माणसाचं बोलणं वेगळं काढून ऐकू येईल असं करायचं, हे तुझं काम. समोर बसून सांग, फोनवर नको, आणि त्यांना तुझे ओठ दिसू देत.

रिपोर्ट आला की कळव. ता. क. मध्ये नको, पहिल्या ओळीत लिही.

– ताई